सोमवार ते शुक्रवार, आठ ते तीन

आमच्या घरात चोरण्यासारखं काही नाही, हे आधीच सांगून टाकतो. एक टीव्ही आहे, त्याला पाठीत धपाटा घातल्याशिवाय चित्र येत नाही. ग्रोज्दानाचे, म्हणजे माझ्या बायकोचे, तिच्या आईकडून आलेले सोन्याचे कानातले आहेत. म्हणजे त्यातला एक आहे. अशा घराला मी जे दार बसवलं, तसं बेलग्रेडमधल्या एखाद्या बँकेलाही नसेल. आणि ते मी चोरांसाठी बसवलं नव्हतं. ते बसवलं मिलुंका नावाच्या पन्नाशीच्या एका बाईसाठी, जी रोज सकाळी येऊन माझ्याच घरातली माझीच भांडी घासत होती. हे सांगताना मला लाज वाटते. पण अख्ख्या इमारतीला माहीत झालंय, आता तुमच्यापासून काय लपवायचं?

सुरुवात कोबीपासून झाली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ग्रोज्दाना हिवाळ्यासाठी खारवायला कोबीचे चोवीस गड्डे आणायला बाजारात गेली आणि त्यातल्या एका गड्ड्यावरून घसरून उजवं मनगट मोडून आली. गड्डे तेवीसच आले. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि म्हणाले, दोन महिने ह्या हाताने चमचासुद्धा उचलायचा नाही. आणि आमची स्लावा सहा आठवड्यांवर आलेली!

स्लावा म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. आमचा जुर्जित्स, सोळा नोव्हेंबर. स्लावाचं आमंत्रण नसतं. ज्याला यायचं तो येतो, आणि एकदा आलेला दरवर्षी येतो. यजमानाने दिवसभर उभं राहून वाढायचं, बसायचं नाही. आणि मेणबत्ती जळतेय तोवर घर सोडायचं नाही. बाकी काही अवघड नाही, दार तेवढं उघडं हवं. पिढ्यान् पिढ्या आमच्या गावच्या घरी हे बिनबोभाट चाललं. ह्या वर्षी बाबा चौऱ्याऐंशीचे झाले आणि त्यांनी स्लावा माझ्या हवाली केली. हवाली करताना फोनवर म्हणाले, "दोब्रिवोये, थोरला म्हणून तुला देतोय. नाही झेपलं तर आत्ताच सांग, रादिसावला देतो." रादिसाव माझा धाकटा भाऊ. त्याला लहानपणापासून माझं सगळंच हवं असतं. मी म्हणालो, "बाबा, चाळीस काय, साठ पाहुणे येऊ देत!"

आणि मग कोबी.

मिलुंकाला आणलं ग्रोज्दानाच्या ऑफिसातल्या एका बाईने. ती शाबात्सजवळच्या एका खेड्यातली. नवरा गेलेला, मुलगी परदेशात, स्वतः आमच्या मागच्या वसाहतीत भाड्याच्या खोलीत राहणारी. पहिल्याच दिवशी तिने तेवीस गड्डे पिंपात रचले, स्वयंपाकघराच्या फरशा घासल्या आणि दुपारी सार्मा केल्या. कोबीच्या पानात खिमा-भात गुंडाळून उकडतात त्या. मी सात खाल्ल्या. ग्रोज्दाना डाव्या हाताने काट्याशी झगडत म्हणाली, "अरे, ही बाई नाही, देवाने पाठवलेली मदत आहे. हिच्याशी नीट वाग."

मी नीटच वागत होतो. पण मग जिन्यात कर्नल मोमिर भेटले.

कर्नल तळमजल्यावर राहतात आणि इमारतीचे व्यवस्थापक आहेत. कोणी निवडून दिलेले नाहीत. सभेला ते एकटेच आले होते. लष्करात त्यांनी अठ्ठावीस वर्षं ब्लँकेटचं कोठार सांभाळलं, आणि त्यातलं एकही ब्लँकेट कधी हरवलं नाही, हे त्यांनी मला कमीत कमी अठ्ठावीस वेळा सांगितलंय.

"काय शेजारी, घरात परकं माणूस घेतलंत म्हणे?"

"कामाला बाई ठेवलीय, कर्नल."

"तपासलीत?"

"सार्मा छान करते."

"सार्मा!" कर्नलांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी हातात पेटती काडी घेऊन त्यांच्या कोठारात शिरलोय. "शेजारी, सगळ्या छानच करतात. आधी पोटात शिरायचं, मग कपाटात. तिचा पोलिसांचा दाखला कुठाय?"

आता मी काही संशयी माणूस नाही. पण मला कोणी बावळट समजलेलं चालत नाही, आणि ह्या दोन्हींत फार अंतर नाही हे मला उशिरा कळलं.

एका सोमवारी रजा टाकून मी पोलीस ठाण्यात गेलो. काचेपलीकडे एक बाई शेंगदाणे सोलत होत्या. मी म्हणालो, आमच्या कामवालीवर काही गुन्हा-बिन्हा नाही ना, असा दाखला हवाय.

"दुसऱ्याचा दाखला तुम्हाला कसा देणार? ज्याचा त्याने मागायचा. तिला पाठवा. आणि ज्यांच्या घरी काम करणार त्यांचाही दाखला जोडा."

"माझा?"

"मग काय माझा? ती बाई एकटीच धोक्याची, आणि तुम्ही संत? ओळखपत्र द्या."

मी ओळखपत्र दिलं. त्यांनी संगणकात बघितलं, मग माझ्याकडे, मग परत संगणकात.

"हा रस्ता अस्तित्वात नाही."

आमच्या रस्त्याचं नाव आजवर तीनदा बदललंय. कोपऱ्यावरच्या पाटीवर एक आहे, माझ्या ओळखपत्रावर दुसरं आणि संगणकात तिसरं. टपाल चौथ्याच नावाने येतं, पण येतं.

"अहो बाई, मग मी आत्ता कुठून आलो?"

"ते तुम्हीच सांगा," असं म्हणून त्यांनी शेंगदाणा तोंडात टाकला.

रस्ता अस्तित्वात आणायला मला नऊ दिवस लागले. नगरपालिका, मग नोंदणी कार्यालय, मग परत नगरपालिका, कारण नोंदणीवाल्यांनी शिक्का उलटा मारला होता. दहाव्या दिवशी मिलुंकाला बरोबर न्यायचं ठरवलं. तिला खरं कारण सांगायचा धीर होईना, म्हणून म्हणालो, विम्यासाठी लागतोय. ती म्हणाली, "बरं, मालक," आणि डोक्याला रुमाल बांधून निघाली. शेजारच्या खिडकीतला माणूस तिच्या मावसबहिणीच्या गावचा निघाला. दहा मिनिटांत तिला दाखला मिळाला. गुन्हा नाही, दंड नाही, साधी तक्रार नाही. पन्नास वर्षांचं कोरं करकरीत आयुष्य.

माझा दाखला आला तो दोन ओळींचा. तेवीस वर्षांपूर्वी सप्टेंबरमध्ये सार्वजनिक फुटपाथवर चूल मांडून लाल मिरच्या भाजल्या, धुराने शांततेचा भंग, दंड.

अहो, हिवाळ्याच्या चटणीसाठी सप्टेंबरात मिरच्या कोण भाजत नाही? सगळा देश धुरात असतो! पण कागदावर पाहिलं तर आमच्या घरात गुन्हेगार एकच निघाला, आणि तो मी. मिलुंकाने माझ्या खांद्यावरून वाचलं. "असू दे, मालक," ती हलक्या आवाजात म्हणाली, "मी कोणाला सांगणार नाही."

माझ्या मते हे प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण आमच्या शेजारी पेर्सिदाबाई राहतात. भिंतीला भिंत, बाल्कनीला बाल्कनी, मधे नुसती एक काचेची पट्टी. सत्तरीच्या आहेत, विधवा आहेत, आणि भिंतीला कान असतात ते त्यांचे. त्या म्हणाल्या, "कागदावर काय जातोस, दोब्रिवोये? राकियाच्या बाटलीवर पेन्सिलीने रेघ मार. आठवड्याने बघ. कागद खोटं बोलेल, बाटली नाही बोलणार."

राकिया म्हणजे बाबांनी गावी काढलेली आलुबुखाराची दारू. स्लावासाठी ठेवलेली. मी बाटलीवर बारीक रेघ मारली. आठवड्याने बघतो तर दारू रेघेच्या दोन बोटं वर!

मला दरदरून घाम फुटला. कमी झाली असती तर समजलं असतं. वाढली कशी? पाणी घातलं असावं म्हणून चाखून बघितली, तर पाणी नव्हतं. उलट बाबांच्या राकियापेक्षा सरस होती. दोन दिवस मला झोप नाही. शेवटी तिसऱ्या दिवशी मिलुंकाच स्वयंपाकघरात माझ्या जवळ येऊन कुजबुजली, "मालक, बाईसाहेबांनी बाटलीवर खूण केलीय. तुमच्यावर नजर ठेवतात वाटतं. मला वाईट वाटलं. संध्याकाळी तुम्ही थोडी घेता ना, म्हणून मी माझ्या भावाच्या बाटलीतली घालून ठेवते. तुम्ही काळजी करू नका."

आता ह्यावर माणसाने काय बोलावं? मी "आभारी आहे" म्हणालो.

एखादा शहाणा इथे तरी थांबला असता. पण मी हा प्रकार मन हलकं करायला कर्नलांना सांगितला, आणि कर्नल गंभीर झाले. "म्हणजे ती तुमच्या बाटल्यांवर लक्ष ठेवते. खुणा ओळखते. शेजारी, ही साधी बाई नाही. तुम्हाला दार बदलायला हवं."

"दाराचा काय संबंध?"

"चोर बाहेरून येतो, त्याला कुठलंही दार अडवतं. मोलकरीण आधीच आत असते! तिला बाहेर पडताना अडवायला हवं. आत यायला आकडे, बाहेर जायलाही आकडे. काही गडबड झाली की दार दोन्हीकडून बंद. सापडली जागच्या जागी!"

आणि मला ते पटलं. माझं डोकं त्या वेळी कुठे चरायला गेलं होतं, देव जाणे.

झिवादिन मिस्त्री "उद्या येतो" म्हणाला आणि अकराव्या दिवशी आला. आला तो जुन्या दारासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "कोणत्या गाढवाने केलंय हे काम?" मग कॉफी घेतली. मग राकिया घेतली, मिलुंकाच्या भावाची, आणि तिची तारीफ केली. मग दोन दिवस भिंत फोडली. नवीन दार आलं ते चार माणसांनी उचलून आणलं. पोलाद, चारही बाजूंनी खिळ्यांसारखे अडसर, आणि बाजूला आकड्यांची पाटी. ग्रोज्दाना तीन वर्षं उन्हाळ्यात ग्रीसच्या समुद्रावर जायचं म्हणत होती; तो समुद्र त्या दारात गेला. दार बोलायचंही. बंद झालं की आतून एका बाईचा आवाज यायचा, "आपलं घर सुरक्षित आहे." बाई परदेशी असावी, तिला आपल्या घराची काही माहिती नव्हती.

मिस्त्री म्हणाला, "कामवालीला वेगळे आकडे द्या, तिच्या वेळा घाला. त्या वेळेबाहेर तिने तीनदा दाबले की खलास. मग फक्त माझ्याकडची किल्ली."

वेळा घालायच्या म्हटल्यावर मला उत्साहाचं भरतंच आलं. मी ट्रामची वेळापत्रकं आखणाऱ्या खात्यात एकतीस वर्षं आहे. ट्राम कशा चालतात ते बाजूला ठेवा, ती चालवणाऱ्यांची बाब. कागदावर माझी वेळापत्रकं बघण्यासारखी असतात. मी चष्मा पुसला आणि घातलं: मिलुंका, सोमवार ते शुक्रवार, आठ ते तीन. रविवारी तिचं माझ्या दाराशी काय काम?

ह्या वर्षी सोळा नोव्हेंबर रविवारी आला.

त्या दिवशी पहाटे सहाला मिलुंका आली तेव्हा मीच उठून दार उघडलं, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता. साडेआठपर्यंत घर कसं झालं होतं म्हणून सांगू! टेबलावर पांढरी चादर, मधे स्लावाचा गोल पाव, त्यावर तिने कणकेचे पक्षी आणि द्राक्षं केलेली. उकडलेल्या गव्हाचा नैवेद्य, साखर-अक्रोड घातलेला. सार्माचं भलंमोठं पातेलं, भाजलेलं डुकराचं मांस, तीन प्रकारचे केक. संताच्या तसबिरीपुढे उंच मेणबत्ती, ती मी स्वतःच्या हाताने लावली. यजमान म्हणून पहिलीच वेळ. नऊला पाद्रीबाबा यायचे, दहाच्या बसने बाबा, आणि मग लोक.

नऊला दहा कमी असताना बेल वाजली. मी न्हाणीघरात दाढी करत होतो, ग्रोज्दाना एका हाताने मोज्यांशी झुंजत होती. मिलुंका ओले हात पुसत दाराकडे धावली. पाद्रीबाबांना दारात ताटकळत ठेवायचं का? तिने तिचे आकडे दाबले. दार उघडलं नाही. तिला वाटलं, ओल्या हातांमुळे असेल. पुन्हा दाबले. पुन्हा.

मला फक्त आवाज ऐकू आला: खाड्, खाड्, खाड्, खाड्. आणि मग, "आपलं घर सुरक्षित आहे."

अर्ध्या दाढीला साबण लावलेला मी दाराशी धावलो. माझे आकडे दाबले, ग्रोज्दानाचे दाबले, माझ्या जन्माचं साल दाबलं. "आपलं घर सुरक्षित आहे." पलीकडून पाद्रीबाबा म्हणाले, "दोब्रिवोये, स्लावा सुखाची! आत घेतोस ना? मला अजून सहा घरं करायचीत."

मिस्त्रीला फोन लावला. मागे गाणी चालली होती.

"आज?" झिवादिन ओरडला. "अहो, आज जुर्जित्स! माझीही स्लावा आहे! मेणबत्ती सोडून यजमान घराबाहेर पडतो का? तुम्हीच या इकडे, डुक्कर मस्त झालंय!"

अग्निशामक दलाला बोलावलं. चार जवान आले. त्यांनी दार ठोकून बघितलं आणि एक जण आदराने म्हणाला, "हे निघेल, पण भिंतीसकट." मग म्हणाले, शिडीने बाल्कनीतून तुम्हाला तिघांना खाली उतरवतो. मी म्हणालो, मेणबत्ती जळतेय, मी यजमान आहे, मी घर सोडणार नाही. "मग पाहुण्यांना शिडीने वर घेऊ?" माझी आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. त्यांनी शिडी गुंडाळली.

साडेदहापर्यंत जिन्यात गर्दी झाली. ज्या दाराच्या भोकातून मी मिलुंकावर नजर ठेवणार होतो, त्यातून मी माझे पाहुणे बघत होतो. हातात फुलं, बाटल्या, चॉकलेटचे डबे. स्लावाला बंद दार म्हणजे घरात मयत झालीय, नाहीतर घराण्याने देव सोडलाय. एक जण कुजबुजला, "कोण गेलं?" आणि त्या सगळ्यांच्या पुढे बाबा, काळा कोट, डोक्यावर टोपी.

"उघड," बाबा म्हणाले.

"उघडत नाही, बाबा."

"का?"

तेवढ्यात तळमजल्यावरून कर्नल धापा टाकत आले आणि जिन्यातल्या तीस माणसांसमोर दाराला तोंड लावून ओरडले, "शेजारी! ती आत आहे का? दाराने धरली म्हणजे! कपाटांपासून लांब ठेवा तिला!"

मिलुंका माझ्या मागेच उभी होती. तिने सगळं ऐकलं. चेहरा लाल नाही की पांढरा नाही. नुसतं विचारलं, "मालक, हे दार आतूनही बंद होतं, ते माझ्यासाठी का?"

मी आकड्यांच्या पाटीकडे बघायला लागलो. तिला जे कळायचं ते कळलं. ती परत स्वयंपाकघरात गेली आणि सार्मांखालचा गॅस बारीक केला.

मार्ग काढला पेर्सिदाबाईंनी. पाहुणे त्यांच्या घरात घ्यायचे, जेवण बाल्कनीतून द्यायचं. पाद्रीबाबा त्यांच्या बाल्कनीत उभे राहिले, मी माझ्या. पाव यजमान आणि पाद्री दोघांनी मिळून धरायचा असतो, फिरवायचा असतो आणि मोडायचा असतो. तेव्हा काचेच्या पट्टीवरून हात लांबवून आम्ही तो पाव फिरवला. वारा असा सुटला होता की पाद्रीबाबांची दाढी माझ्या तोंडात जात होती आणि माझ्या दाढीवरचा साबण त्यांच्या पुस्तकावर. एक कणकेचा पक्षी पाचव्या मजल्यावरून खाली गेला. आशीर्वाद मात्र पूर्ण झाला.

मग सुरू झाली माझी स्लावा, भिंतीपलीकडे. मिलुंका ताटं भरून देत होती, मी पट्टीवरून सरकवत होतो, पलीकडून घेत होता रादिसाव. दर ताटाला तो म्हणायचा, "दे दादा, मी बघतो." आणि बघतच होता! पेर्सिदाबाईंच्या दीड खोलीत चाळीस माणसांत उभं राहून तो ओतत होता, वाढत होता, "घ्या, घ्या, अजून घ्या" म्हणत होता. एकदा कोणीतरी त्याला "यजमान" म्हणालं ते मला भिंतीतून स्पष्ट ऐकू आलं. त्याने नाही म्हटलं नाही. दुपारी दोनला त्यांनी यजमानाच्या दीर्घायुष्याचं गाणं म्हटलं. माझ्या नावाने. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो, कारण यजमानाने बसायचं नसतं. ग्रोज्दाना प्लास्टरवर डोकं टेकून रडली.

बाबा मात्र पेर्सिदाबाईंकडे गेले नाहीत. "स्वतःच्या स्लावाला लोकांच्या घरात जेवू?" म्हणाले, आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. दिवसभर. मी तासातासाने भोकातून बघायचो. तीच टोपी, तीच पाठ.

संध्याकाळी सातला पाहुणे पांगल्यावर झिवादिन मिस्त्री आला, पाय जरा इकडेतिकडे, खिशात किल्ली. दाराकडे बघून, सवयीने असेल, म्हणाला, "कोणत्या गाढवाने केलंय हे काम?" मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने मुकाट्याने किल्ली लावली. दार उघडलं.

बाबा आत आले. टोपी काढली. तसबिरीपुढे छातीवर क्रूस केला. मेणबत्तीचं बोटभर टोक उरलं होतं. त्यांनी पांढरी चादर बघितली, न हललेल्या खुर्च्या बघितल्या, आणि गव्हाचा नैवेद्य बघितला, ज्याला एकाही चमच्याचा खड्डा पडला नव्हता. तो पट्टीवरून पाठवायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

"ही स्लावा झाली नाही, दोब्रिवोये," ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "पाहुणाच घरात आला नाही तर स्लावा कसली? पुढच्या वर्षीपासून रादिसावकडे."

त्रेपन्न वर्षांचा माणूस मी, पण त्या क्षणी मला भोकाड पसरून रडावंसं वाटलं. बरोबरच होतं त्यांचं.

"का झाली नाही?" स्वयंपाकघराच्या दारातून मिलुंका म्हणाली. ती हात पुसत होती. "मी होते की. सकाळी सहापासून."

बाबांनी तिच्याकडे वळून पाहिलं. "तू कोण?"

"ह्यांच्याकडे कामाला आहे."

"स्लावाच्या दिवशी घरात असतो तो पाहुणा," बाबा म्हणाले. "तुला कोणी नैवेद्य दिला?"

"नाही, आजोबा."

बाबा माझ्याकडे वळले. "यजमान आहेस ना? मग वाढ."

मी नैवेद्याचं ताट तिच्यापुढे धरलं. तिने क्रूस केला, चमचाभर गहू खाल्ला आणि म्हणाली, "स्लावा सुखाची, यजमान." मग ती टेबलाच्या डोक्याच्या खुर्चीवर बसली. मी सूप वाढलं, सार्मा वाढल्या, मांस वाढलं, तिच्याच हातचं तिलाच. ती सावकाश जेवली. मला सोडलं नाही तिने. मीठ मागितलं, पाव मागितला, सूप गार आहे म्हणाली, मी गरम करून आणलं. पाणी मागितलं, ते दोनदा. बाबा समोर बसून बघत होते, आणि मी उभा होतो.

जेवण झाल्यावर तिने रुमाल घडी करून ठेवला. "उद्यापासून मी येणार नाही, मालक."

"मिलुंका, हे बघ, मी ते आकडे..."

"नाही यायची. तुम्ही वाईट नाही, पण मला आता इथे काम जमायचं नाही." ती उठली, कोट चढवला. "पुढच्या जुर्जित्सला येईन. पाहुणी म्हणून."

"म्हणजे रादिसावकडे," बाबा म्हणाले.

"कोण रादिसाव? मी ह्या घरात आले, मी ह्याच घरात येणार. आलेल्या पाहुण्याला दार बदलून दाखवता का तुमच्यात?"

बाबांनी मान खाली घातली. पेल्यातल्या वाइनचा थेंब मेणबत्तीवर टाकून ती विझवली, उरलेलं टोक कागदात गुंडाळलं, आणि जरा विचार करून ते खिशात न घालता माझ्या हातात दिलं.

"ठेव मग," ते म्हणाले.

मिलुंका जिन्यापर्यंत गेली आणि तिथून वळली. "सार्माला ह्या वर्षी मीठ जरा जास्त पडलं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बेताने घाला, यजमान. तुम्हालाच करायच्या आहेत."